कडेलोट ते बंजी

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मी उडी मारली नाही.

झालं असं, की गेल्या ऑक्टोबरात आमच्या टीमचं आउटिंग लोणावळ्याला गेलं. रिलीज वेळेवर गेल्याचं बक्षीस. लोणावळा म्हटलं की आईबाबांच्या पिढीला चिक्की, भुशी डॅम आणि कार्ल्याची एकवीरा आठवते. आमच्या मॅनेजरला 'ॲडव्हेंचर' आठवलं. त्यामुळे वरातीसारखी आमची बस एका साहस-पार्कात जाऊन थांबली. नाव सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. अशा चार जागी थोड्याफार फरकाने हेच घडलं असतं.

तिथे एक उंच लोखंडी मनोरा, त्याच्या टोकाला फळी, आणि फळीवरून खाली लोंबणारा रबरी दोर. बंजी! आमच्यातले चौघं माझ्या आधी उड्या मारून आले. त्यात आमची सगळ्यात शांत डेव्हलपर मुलगी होती, जी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. ती अशी किंचाळली की पलीकडच्या डोंगरावरून आवाज परत आला. खाली आल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. माझाही नंबर लागला. जिना चढलो, हार्नेस चढला, घोट्यांना पट्टे बसले. खाली सगळे मोबाईल वर करून उभे. 'तीन... दोन...' सुरू झालेलं.

आणि मी त्या पट्टे बांधणाऱ्या पोराला विचारलं, "हा दोर किती उड्यांचा झाला?"

तो हसला. "टेन्शन नका घेऊ सर. रोज शंभर जण मारतात."

आता सांगतो, माझं पोट टेस्टिंगवर चालतं. 'इतके लोक वापरतात, काही होत नाही' हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकतो आणि त्यानंतरच्या आठवड्यात प्रॉडक्शन पडतं. शिवाय रबर ही प्रत्येक ताणाने आणि उन्हाने झिजणारी वस्तू. म्हणजे रोज शंभर उड्या हा माझ्या बाजूचा मुद्दा झाला, त्याच्या नव्हे. मी पुढे विचारलं, "कुठे लिहून ठेवता का?" तर म्हणे, "असेल ना खाली ऑफिसात." तेव्हा लक्षात आलं की माझं वजनसुद्धा कुणी केलेलं नाही, नुसतं विचारलंय. मी अठ्ठ्याहत्तर सांगितलं होतं. ते जानेवारीतलं होतं.

मिनिटभर तसाच उभा राहिलो असेन. मग म्हटलं, "सोडव बाबा." आणि जिना उतरून खाली आलो.

कुणाला काही झालं नाही. नंतरचे सगळे उड्या मारून हसतखेळत परतले. परतीच्या बसमध्ये माझं जे व्हायचं ते झालं. कुणीतरी म्हणालं, "अरे, यानं परतीचे दोर कापलेच नाहीत!" आणि संध्याकाळपर्यंत आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपचं नाव 'परतीचे दोर' झालं. आजही तेच आहे.

घरी आल्यावर झोप येईना. मी घाबरलो होतो हे नक्की. पण घाबरून उतरलो, की उत्तर मिळालं नाही म्हणून उतरलो? हे स्वतःलाच सांगता येईना. मग आपल्या जमातीतली माणसं करतात तेच केलं. वाचत बसलो. माणसं उंचावरून उड्या कधीपासून मारतात, कशाच्या जोरावर मारतात, आणि कोण जगतं.

तर सुरुवात त्या ग्रुपच्या नावापासूनच करू. ४ फेब्रुवारी १६७०, कोंढाणा. तानाजी मालुसरे पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटला आणि ते चढून आले त्या दोरांकडे पळू लागले. तेव्हा सूर्याजीनं (काही कथांत शेलारमामानं) दोर कापून टाकले, आणि सांगितलं की आता कड्यावरून उड्या टाकून मरा, नाहीतर लढा. गोष्ट बखरी-पोवाड्यांतून आली आहे, आणि तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण तिच्यातली एक गोष्ट कुठेच बदलत नाही. मावळातल्या त्या माणसांना कड्यावरून उडी म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. उडी म्हणजे मरण. तो पर्याय नव्हताच, म्हणून तर ते लढले.

आपल्या भाषेतच बघा ना. सह्याद्रीच्या कड्याशी जोडलेला आपल्याकडचा सगळ्यात रुळलेला शब्द 'कडेलोट'. कड्यावरून लोटणे. रायगडाचं टकमक टोक त्यासाठीच प्रसिद्ध. गुन्हेगाराला तिथून खाली ढकलायचं. आज आपण 'सहनशीलतेचा कडेलोट' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दरी येत नाही, पण शब्द त्या दरीतूनच आलाय. बंजीला मराठी शब्द सुचत नाही याचं कारण बहुधा हेच असावं. मजेसाठी कड्यावरून पडायचं ही कल्पनाच आपल्याकडे नव्हती.

आणि तरी, गंमत म्हणजे त्याच टकमक टोकाखाली एक गाव आहे. छत्री निजामपूर.

रायगडावर गेलात आणि सोबत वाटाड्या असला की तो टोकावर उभं करून खाली बोट दाखवतो आणि गोष्ट सांगतो. शिवाजी महाराज एकदा टकमक टोकावर आले होते. एक सेवक त्यांच्यावर छत्र धरून उभा होता. वाऱ्याचा असा झोत आला की सेवक छत्रासकट उचलला गेला आणि दरीत गेला. पण त्यानं दांडा सोडला नाही. तरंगत तरंगत तो खालच्या निजामपुरात उतरला, सुखरूप! तेव्हापासून गावाचं नाव छत्री निजामपूर.

ही दंतकथा आहे, आणि दंतकथा म्हणूनच घ्यायची. पण कडेलोटाच्याच जागेवर, जिथून गेलेला माणूस परत येत नाही म्हणून जी जागा ओळखली जाते, तिथेच लोकांनी एक माणूस जिवंत खाली उतरवला आहे. आणि तो कसा उतरला? देवानं झेललं नाही, पंख फुटले नाहीत. छत्रीनं उतरवलं. हवेचा विरोध! ज्यानं कुणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याला पॅराशूटचं तत्त्व कळलेलं होतं, असंच म्हणायला हवं.

आता युरोपात जाऊ, कारण छत्रीची गोष्ट तिथेही आहे आणि तिला तारीख आहे. फ्रान्सच्या राजाचा दूत म्हणून सिमाँ द ला लुबेर १६८७ मध्ये सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला गेला. परत आल्यावर त्यानं पुस्तक लिहिलं, आणि त्यात एका कसरतपटूचं वर्णन केलं जो कमरेला दोन छत्र्या बांधून उंचावरून उड्या मारायचा. सुमारे शंभर वर्षांनी हे वर्णन लुई-सेबास्तियाँ लनॉर्मां नावाच्या फ्रेंच माणसाला भेटलं. त्यानं आधी दोन सुधारलेल्या छत्र्या हातात घेऊन झाडावरून उडी मारली. जमलं. मग लाकडी सांगाड्याची १४ फुटी मोठी छत्री बनवली आणि २६ डिसेंबर १७८३ रोजी माँपेलिएच्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून लोकांसमोर उडी घेतली. बघ्यांत फुग्यावाल्या माँगोल्फिए भावांपैकी जोसेफही होता. लनॉर्मां नीट उतरला. 'पॅराशूट' हा शब्द त्याचाच. आणि हा उद्योग कशासाठी? तर आग लागलेल्या इमारतीतून माणसांना उतरता यावं म्हणून. विमान तर सोडाच, फुग्यातून माणसानं पॅराशूटने उडी मारायलाही अजून चौदा वर्षं होती. म्हणजे स्थिर इमारतीवरून पॅराशूट हा काही आजच्या माथेफिरूंचा शोध नाही. पॅराशूट जन्मलं तेच मुळी इमारतीवर.

मला राहवेना. कागद घेतला. (कंटाळा येणाऱ्यांनी हा परिच्छेद ओलांडावा.) माणूस ६० किलोचा धरा. पडताना हवेचा विरोध वाढत जातो, तो वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. आपली पुण्यातली पावसाळी छत्री, व्यास एक मीटर: उतरण्याचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर. म्हणजे गेलात. शिवाय ती पहिल्या सेकंदालाच उलटी होणार, ते जुलैत लक्ष्मी रोडला फिरलेल्या कुणालाही सांगायला नको. लनॉर्मांची १४ फुटी छत्री: ताशी साधारण २६ किलोमीटर. म्हणजे साडेआठ-नऊ फुटांच्या भिंतीवरून उडी मारल्यासारखं. गुडघे दुखतील, पण उठून चालाल. आणि महाराजांवरचं छत्र? समजा ते अडीच मीटर व्यासाचं दणकट छत्र होतं. ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे पंचवीस फुटांवरून पडल्यासारखं. हे वाईट. पण थांबा. कड्यावर वारा आडवा नसतो. सपाटीवरून आलेला वारा भिंतीला थडकतो आणि वर चढतो. नाणेघाटातला उलटा धबधबा याच वाऱ्याचा. पावसाळ्यात लोणावळ्याच्या लायन्स पॉइंटला उभं राहिलात की पाऊस खालून वर येऊन नाकात जातो, तोही याचाच. हा वर चढणारा वारा ताशी अठरा-वीस किलोमीटर जरी धरला, तरी ४५ मधून तो वजा होतो आणि सेवक जवळपास लनॉर्मांच्याच वेगाला येतो! तळाशी वारा कमी होईल, हात निसटू शकतो, सांगाडा मोडू शकतो, सगळं मान्य. गोष्ट खरी आहे असं मी म्हणत नाहीये. गोष्ट अगदीच अडाणी नाही एवढंच म्हणतोय.

लनॉर्मांनंतर सव्वाशे वर्षांनी एक वेगळी गोष्ट घडली, आणि योगायोगानं तारीख तीच, सिंहगडाची. ४ फेब्रुवारी, पण १९१२. पॅरिसमधला शिंपी फ्रान्झ रायखेल्ट. त्यानं अंगात घालायचा पॅराशूट-सूट शिवला होता. विमानं नुकतीच आली होती, वैमानिक मरत होते, त्यांना वाचवावं ही त्याची खरी तळमळ. त्यानं बाहुल्यांना तो सूट घालून चाचण्या घेतल्या. चाचण्या फसल्या. त्याचं म्हणणं असं, की उंची पुरेशी नव्हती म्हणून फसल्या. मग त्यानं आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून बाहुली टाकायची परवानगी मिळवली. त्या सकाळी मात्र बाहुलीच्या जागी सूट घालून तो स्वतः उभा राहिला. मित्रांनी समजावलं. ऐकलं नाही. कॅमेरे चालू होते. उंची ५७ मीटर, म्हणजे सगळा खेळ साडेतीन सेकंदांचा. सूट उघडला नाही.

ती फिल्म आजही बघायला मिळते. उडीआधी तो कठड्यावर बराच वेळ थांबतो. पुढे झुकतो, मागे येतो. मला ती बघवली नाही, कारण तो थांबण्याचा वेळ माझ्या ओळखीचा होता. शिंपी मूर्ख नव्हता, भित्रा तर नव्हताच. त्यानं एकच चूक केली, जी आमच्या धंद्यात रोज होते. टेस्ट फेल झाली, तेव्हा त्यानं टेस्टला दोष दिला. आणि मन ज्या दोन्ही गोष्टी एका मापात घालतं, त्या वेगळ्या आहेत हे दाखवायला दोनच दिवस आधीचं उदाहरण आहे: २ फेब्रुवारी १९१२ रोजी न्यूयॉर्कला रॉडमन लॉ नावाच्या कसरतपटूनं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरून पॅराशूटनं उडी मारली आणि तो लंगडत का होईना चालत गेला. धाडस दोघांचं सारखंच. पॅराशूट वेगवेगळं.

स्थिर जागेवरून पॅराशूट हा खेळ म्हणून उभा राहिला तो मात्र १९७८ नंतर, अमेरिकेत. त्यामागचा माणूस कार्ल बोनिश, शिक्षणानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर (आपल्यातलाच!), नोकरी सोडून स्कायडायव्हिंगच्या फिल्म काढणारा. ऑगस्ट १९७८ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन कड्यावरून उड्या मारणाऱ्यांचं चित्रण केलं. कडा सुमारे ३००० फुटांचा. या खेळाला पुढे 'बेस' नाव पडलं. चार इंग्रजी आद्याक्षरं: इमारत, अँटेना, पूल आणि जमीन, म्हणजे कडा. चारही प्रकारांतून उडी मारली की क्रमांक मिळतो. जानेवारी १९८१ मध्ये पहिले क्रमांक दिले गेले. तिसरा कार्लची बायको जीन हिचा, चौथा कार्लचा.

विमानातून उडी आणि बेस यात फरक काय, तर वेळेचा. आपल्या पुण्याच्या शीतल महाजननं एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आयुष्यातली पहिलीच उडी मारली, एकही सराव-उडी न मारता, आणि पुढे २०११ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. ते धाडस अफाटच. पण विमानातून उडी मारणाऱ्याकडे उंची असते, आणि पाठीवर दुसरं राखीव पॅराशूट असतं. कड्यावरून उडी मारणाऱ्याकडे बहुधा एकच असतं, कारण दुसरं उघडायला वेळच नाही. शिवाय भिंत हातभर अंतरावर. पॅराशूट उघडताना जरा तोंड फिरलं की सरळ खडकावर. ७ जुलै १९८४ रोजी कार्ल बोनिश नॉर्वेतल्या ट्रोलव्हेगेन कड्यावर असाच गेला. नुकताच त्याच कड्यावरून त्यानं आणि जीननं टीव्हीसाठी विक्रम केला होता. मग तो पुन्हा वर गेला आणि दुसऱ्या एका जागेवरून त्यानं उडी मारली. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत जीननं त्याच कड्यावरून उडी मारली. १९८६ पासून तिथे बेस उड्यांना बंदी आहे.

बंजीचा रस्ता वेगळ्या बाजूनं येतो. तो दोराचा रस्ता आहे.

प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा देश आहे, त्यातलं पेंटेकोस्ट बेट. तिथले पुरुष दरवर्षी लाकडाचा वीस-तीस मीटर उंच मनोरा बांधतात, घोट्यांना रानवेली बांधतात आणि डोकं खाली करून झेप घेतात. हे सुरणासारख्या कंदाच्या पिकाच्या हंगामाशी जोडलेलं. गोष्टही हिरकणीच्या तोडीची: नवऱ्याच्या जाचाला कंटाळून एक बाई वडावर चढली, नवरा मागे आला, तिनं उडी मारली. त्यानंही मारली. तिच्या पायाला वेल बांधलेली होती, त्याच्या नव्हती.

पण मला त्या सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो वेल निवडणारा माणूस. जाणता माणूस प्रत्येकाचं वजन आणि प्रत्येकाची फळी बघून त्याच्या मापाची वेल निवडतो. वेल ओली हवी, ताणणारी हवी. पावसाळा संपताना, एप्रिल ते जूनमध्ये, ती तशी असते. १९७४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडची राणी एलिझाबेथ तिकडे गेली. तेव्हा ती बेटं इंग्रज आणि फ्रेंचांच्या ताब्यात होती. पाहुणीसाठी उड्यांचा कार्यक्रम ठेवला गेला. हंगाम नव्हता. वेली पुरेशा ताणणाऱ्या झाल्या नव्हत्या. एक माणूस पडला आणि मेला. डेडलाइन वरून आली की काय होतं, ते इथे सगळं आलं.

त्याच उड्यांची फिल्म बघून ऑक्सफर्डच्या 'डेंजरस स्पोर्ट्स क्लब'च्या पोरांना कल्पना सुचली. १ एप्रिल १९७९, ब्रिस्टलचा क्लिफ्टन झुलता पूल, खाली ७६ मीटर. चौघांनी रबरी दोर बांधून उड्या मारल्या. डेव्हिड कर्क तर उंच टोपी आणि कोटात, हातात शँपेन. पोलिसांनी पकडलं. त्यातला ॲलन वेस्टन इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, पुढे नासात गेला. ही आधुनिक बंजीची पहिली उडी. ती गाजली, पण तिच्यावरून कुणी धंदा उभा केला नसता.

धंदा उभा केला न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटनं, आणि तो कसा ते बघण्यासारखं आहे. त्यानं आधी रबराच्या धाग्यांचा अभ्यास करून घेतला: किती वजनाला किती धागे, किती ताण, किती झीज. मग स्वतः पुलांवरून उड्या मारून पाहिल्या. जून १९८७ मध्ये आयफेल टॉवरवरून मारली. त्याच टॉवरवरून, जिथे पंच्याहत्तर वर्षांपूर्वी शिंपी गेला होता. त्यालाही पोलिसांनी पकडलं, पण तो जिवंत होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये कवाराऊ नदीवरच्या जुन्या पुलावर, ४३ मीटर उंचीवर, त्यानं हेन्री व्हॅन ॲशबरोबर बंजीचं पहिलं कायमचं व्यावसायिक ठिकाण सुरू केलं. अशा चांगल्या ठिकाणी तुम्हाला काट्यावर उभं करतात, आकडा तुमच्या हातावर लिहितात, त्यावरून दोर निवडतात, आणि दोराच्या उड्या मोजून तो वेळेत निवृत्त करतात. ते 'टेन्शन नका घेऊ' म्हणत नाहीत. टेन्शन त्यांनीच घेतलेलं असतं.

आता परत लोणावळ्याला येऊ, कारण दोराची सगळ्यात मोठी गोष्ट इथलीच आहे, आणि मी ती शाळेत शिकलो नव्हतो.

आपण डेक्कन क्वीननं किंवा एक्स्प्रेसवेनं जातो तो बोरघाट. इथला रेल्वेमार्ग १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये खुला झाला. जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० माणसं या घाटात राबत होती. आणि काही कडे इतके उभे होते, की पाय ठेवायलाही जागा नव्हती. तिथे सुरुंगाची पहिली भोकं पाडायला मजुरांना कमरेला दोर बांधून वरून खाली सोडत. खाली खंडाळ्याची दरी, हातात पहार, आणि दोराचं दुसरं टोक वरच्या माणसांच्या हातात. पटकी, ताप आणि अपघातांनी या घाटात हजारो माणसं गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि काम त्याची बायको ॲलिस हिनं चालवलं, हे नावानिशी नोंदलं गेलं. दोरावर लोंबणाऱ्यांची नावं कुठे नाहीत, आणि वर दोर धरून बसलेल्यांची तर नाहीतच.

ज्या डोंगरात आम्ही पैसे भरून तीन सेकंद लोंबायला गेलो होतो, त्याच डोंगरात माणसं रोजावर दिवसभर लोंबत होती. बसमध्ये हे माहीत असतं तर मी काही उत्तर दिलं असतं का? नसतं दिलं बहुतेक. पण हे वाचल्यावर माझ्या मनातला प्रश्न बदलला. आपण गोष्ट सांगतो ती नेहमी उडी मारणाऱ्याची. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, हे विचारतच नाही. आणि माणूस जगला की मेला हे तर बहुतेक वेळा तिथेच ठरलं.

मावळातच याचं एक चांगलं उदाहरण आहे. कामशेतचं पॅराग्लायडिंग. हा खेळ बेसचा सख्खा भाऊ. जून १९७८ मध्ये, म्हणजे एल कॅपिटनच्या दोनच महिने आधी, फ्रान्समधल्या मियुसी गावी तीन स्कायडायव्हर विमानाचे पैसे वाचवायला पॅराशूट घेऊन डोंगराच्या उतारावरून पळत सुटले आणि उडाले. तेही जमिनीवरूनच पॅराशूट. पण इथे कापड आधी जमिनीवर पसरतात, वारा भरून डोक्यावर उभं करतात, दोऱ्या बघतात, आणि मगच पळतात. नीट उभं राहिलं नाही तर तिथेच खाली बसवतात. टेस्ट फेल झाली तर रिलीज थांबवायची सोय खेळातच आहे. सकाळी कामशेतच्या टेकडीवर कुणी तीनदा कापड खाली बसवलं तर त्याला कुणी हसत नाही. कागदोपत्रीही उशिरा का होईना पावलं पडली आहेत: २०२१ मध्ये राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा उद्योगांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आले. पण नियम कागदावर असतो, आणि फळीवर तुम्ही आणि तो पोरगाच असता.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. जानेवारीत मी एका गिर्यारोहण संस्थेबरोबर नागफणीला गेलो. हाच तो ड्यूक्स नोज, वेलिंग्टनच्या नाकावरून इंग्रजांनी नाव ठेवलेला. आपल्याला तिथे फणा दिसला, त्यांना नाक. कुरवंडे गावाकडून चढून गेलो. माथ्यावर महादेवाचं छोटं देऊळ आहे. पलीकडे सरळ तुटलेला कडा, तिथून दोरावर उतरायचं होतं.

अँकरपाशी पन्नाशीचे एक काका बसले होते. मी तोच प्रश्न विचारला. "काका, दोर किती जुना?"

ते हसले नाहीत. खिशातून छोटी वही काढून माझ्या हातात दिली. खरेदीची तारीख, किती वेळा वापरला, कुठे दगडाला घासला, कुणी तपासला. मग म्हणाले, "वहीवर जाऊ नकोस. हात फिरवून बघ." मी दोरावरून हात फिरवला. नंतर त्यांनी माझी गाठ तपासली, आणि मला म्हणाले, "आता तू माझी तपास." दुसरा सुरक्षा-दोर कुणाच्या हातात आहे ते दाखवलं. त्या मुलानं हात वर केला.

मी कड्यावरून पाय खाली टाकला तेव्हा गुडघे लटलट कापत होते. खोटं कशाला बोलू, ऑक्टोबरपेक्षा जास्तच. म्हणजे भीती दोन्ही वेळा होती. तरी एकदा उतरलो जिन्यानं आणि एकदा कड्यानं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे, मध्येच लोंबताना मिळालं.

खाली पोचल्यावर ग्रुपवर फोटो टाकला. ग्रुपचं नाव काही कुणी बदललं नाही :-)

असो. तुम्हाला उडी मारायची असेल तर जरूर मारा, आमच्या त्या डेव्हलपर मुलीचा चेहरा आठवला की मलाही वाटतं, एकदा मारावी. फक्त आधी वजन काट्यावर करून घ्या, दोर किती उड्यांचा झाला ते विचारा, आणि उत्तराच्या ऐवजी हसू मिळालं तर सरळ जिना उतरून या. खाली चिक्की मिळते.